खालचं टोक

सुजाता,

परवा तुझा जलदानविधी झाला. विहाराचा हॉल भरला, उरलेली माणसं जिन्यावर बसली. बरेच जण बोलले आणि प्रत्येकाने तुला गणिताची शिक्षिका करून टाकलं. मी पहिल्या रांगेत बसून दोनदा खाकरलो, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. तू असतीस तर सरळ माईकच हातात घेतला असतास. "गणित नाही, मेकॅनिक्स. गणितातलं वजन पायावर पडलं तरी बोट मोडत नाही," हे तुझं ठरलेलं वाक्य मी किती लग्नांत आणि किती बारशांत ऐकलं असेल, त्याला हिशेब नाही.

एकाने तर तुला सोशिक म्हटलं. मला खरंच हसू आलं आणि शेजारी बसलेल्या आपल्या मीनलने माझा हात दाबला, तिला वाटलं मला हुंदका आला. सोशिक म्हणे! जी बाई भाजीची पिशवी दोघांनी मिळून धरली तरी "तुमच्याकडे कमी येतंय, पिशवी माझ्या बाजूला सरकलीय" असं भर बाजारात सांगायची, ती सोशिक. माणूस गेलं की लोक त्याचे कंगोरे घासून टाकतात. मला तुझे कंगोरे हवे आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

आपला मोठा वाद कपाटापासून सुरू झाला, आठवतं? कुकटपल्लीच्या या तिसऱ्या मजल्यावर आपण राहायला आलो तेव्हा. लिफ्ट नाही. लोखंडी कपाट दोघा हमालांनी जिन्यावरून चढवलं, एक वर, एक खाली. वरचा वाकून वाकून उलटा चढत होता, कण्हत होता. मी म्हणालो, बिचाऱ्या वरच्यावर सगळा भार आलाय. तू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. "खालच्यावर जास्त आलाय," असं म्हणालीस आणि पहिलं पाणी खालच्याला दिलंस.

मला राग आला. मी सिकंदराबाद स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला माणूस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर उचल-ठेव चाललेली, आणि मला ही बाई वजन शिकवणार! रात्री जेवताना तू ताटात पोळी ठेवलीस, पोळीला कपाट केलंस, मिठाच्या चिमटीने कपाटाचा मध्य दाखवलास. कपाट तिरकं झालं की त्याचा मध्य खालच्या माणसाकडे झुकतो, कारण दोघांनी ते बुडाकडून धरलेलं असतं आणि वजन हातांच्या वर असतं. ज्याच्याकडे मध्य झुकला त्याच्याकडे भार जास्त. मी विचारलं, मग वरच्याची कंबर का मोडते? तू म्हणालीस, "कंबर दुखणं वेगळं आणि वजन येणं वेगळं. वाकून रिकामी बादली धरली तरी कंबर दुखते." मी पोळी खाऊन टाकली. पुरावाच खाल्ला म्हणून तू नंतर कितीतरी दिवस मला चिडवत होतीस आणि वर्गात मुलांनाही हा किस्सा सांगत होतीस.

तुझ्या वर्गात मी एकदाच आलो. दिलसुखनगरच्या त्या इमारतीत खाली मिठाईचं दुकान, वर एकावर एक कोचिंग क्लास, आणि जिन्यात सगळ्यांच्या चपला. तुला न्यायला लवकर पोचलो होतो, म्हणून दाराशी उभा राहिलो. आंदोलनाचे दिवस होते. राज्याचे दोन तुकडे होणार की नाही, यावर बसमध्ये, चहाच्या टपरीवर, माझ्या ऑफिसात, सगळीकडे जुंपलेली असायची. तुझ्या वर्गातही डाव्या बाजूला तेलंगणाची मुलं आणि उजव्या बाजूला आंध्राकडची, मध्ये मोकळी वाट. तू मधल्या वाटेत एक लांब फळी टाकलीस. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं वजनकाट्यावर, आणि स्वतः साडी सावरून फळीवर बसलीस. आधी तेलुगूत सांगितलंस, मग दखनीत: चलो, मॅडम का वजन निकालो.

दोन्हीकडची मुलं उठून काट्याभोवती गोळा झाली. वीट किती भार घेते ते ठाऊक नाही, तुझं वजन ठाऊक नाही. दोन अज्ञातं. एक मुलगा म्हणाला, होणार नाही. तू खडूने विटेवर फुली मारलीस. जे बल आपल्याला नको आहे, त्याच्याच पायाशी जाऊन उभं राहायचं, असं सांगितलंस. विटेपाशी मोमेंट घेतला, म्हणजे प्रत्येक बलाला त्याच्या विटेपासूनच्या अंतराने गुणलं, की विटेच्या बलाचं अंतर शून्य, मग ते कितीही मोठं असो, हिशेबातून जातं. उरलं एकच अज्ञात. एका बाजूला काटा त्याच्या अंतरासकट, दुसऱ्या बाजूला तू तुझ्या अंतरासकट. इतक्या वर्षांत मी तुझ्या तोंडून मोमेंट, मोमेंट ऐकत होतो; काय असतो ते मला त्या दाराशी कळलं. तसं मी तुला सांगितलं नाही, कारण मग कपाटाचंही कबूल करावं लागलं असतं.

शबानाने सगळ्यांत आधी उत्तर काढलं. जाडशी वेणी घातलेली, काळ्या फ्रेमचा चष्मा असलेली ती मुलगी तुझं वजन मोठ्याने म्हणाली आणि तुझा चेहरा पडला. तू फळीवरून उठलीस. "इतना नै है मेरा. फळी का वजन किधर गया? फळी का भी मेरेच खाते में डाल दिये क्या?" अख्खा वर्ग हसला, दारात मीही. मुलांनी फळीचं वजन वजा केलं, तुझं खरं वजन निघालं आणि ते मला लग्नानंतर पंचवीसेक वर्षांनी, सगळ्या वर्गाबरोबर समजलं. त्यांचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी मुलं जिथे जागा मिळाली तिथे बसली. मी जिन्यावर तुझी पर्स धरून उभा होतो आणि माझ्या छातीत काहीतरी फुगत होतं.

ऑफिसात मला लोक विचारायचे, आप लोगां किधर के, इधर के या उधर के? आपण मराठी, दोन्हीकडचे लोक आपल्याला विचारून मोकळे होत आणि उत्तराची वाट पाहत नसत. तुझे आण्णा मात्र मजेत असायचे. जुनं हैदराबाद संस्थान फोडून तीन राज्यांना वाटलं, तेव्हा ते कॉलेजच्या वयाचे होते. त्यांचे नांदेडकडचे भाऊबंद एका राज्यात गेले, ते इथे दुसऱ्यात राहिले. आता म्हातारपणी तिसरं राज्य येत होतं. "मी जागचा हललो नाही, राज्यंच येऊन जाऊन राहिलीत," असं म्हणून ते पान लावायला घ्यायचे.

आण्णांवरून मूर्तीचा दिवस आठवतो. तुझ्याविषयी मला एकच गोष्ट सांगू दिली, तर मी तीच सांगीन. परवा ती कोणीच सांगितली नाही.

आपल्या वस्तीतल्या विहारात वरच्या हॉलमध्ये बुद्धमूर्ती बसवायची होती. पांढऱ्या संगमरवराची, पद्मासनातली, चौथऱ्यासकट माणसाच्या छातीएवढी. लोकांनी वर्षानुवर्षं पैसे जमवून ती आणवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भंते येणार, आणि नेमका आदल्या दिवशी बंद पुकारला. मूर्ती टेम्पोतून पहाटेच पोचली, पण ती वर चढवायला साखळी-पुली घेऊन येणारा माणूस अडकला. टेम्पोवाला घाई करत होता, दगडफेक सुरू व्हायच्या आत त्याला निघायचं होतं. मग ठरलं, आपणच नेऊ. जाड फळीवर मूर्ती बांधली, फळीखाली दोन वासे घातले. चौघे वर, चौघे खाली.

मूर्ती आडवी करा, सोपं जाईल, असं तू लगेच म्हणालीस. कोणी ऐकून घेईना. भगवंताला आडवं करून न्यायचं? तुझं म्हणणं तिथेच बुडालं. मग दुसरी अडचण निघाली. म्हातारी मंडळी वर उभी राहायला तयार होईनात. बुद्धाच्या डोक्यापेक्षा उंच पायरीवर आपण कसं उभं राहायचं? आपली जागा चरणाशी. सगळे ज्येष्ठ खालच्या बाजूला आले, त्यांत सगळ्यांत पुढे आण्णा, धोतर खोचून. तरण्या पोरांना वर पाठवलं. वर वाकावं लागतं, जड काम पोरांनी करावं, असाही त्यात हिशेब होता, आणि तो हिशेब मीच मोठ्याने सांगत होतो.

तू एकदम जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिलीस. मूर्ती उंच, वजन फळीच्या कितीतरी वर. जिना चढायला लागल्याबरोबर सगळा भार मागे खालच्यांवर येणार, आणि खाली सगळे सत्तरीचे. तुला ते दिसत होतं आणि तुझ्याशिवाय तिथे कोणालाच दिसत नव्हतं. तुझा आवाज कापत होता. मला वाटलं रागाने. नंतर कळलं की तू घाबरली होतीस. खाली तुझे वडील होते.

कोणीतरी म्हणालं, बाई, हा क्लास नाही. त्यावर तू भांडली नाहीस, याचंच मला नवल वाटलं. हॉलच्या कोपऱ्यातला पाण्याचा भरलेला कॅन उचलून आणवलास, एका लहान फळीवर उभा ठेवलास आणि आण्णांना म्हणालीस, धरा. ते खाली, तू वर. दोन पायऱ्या चढलात. मग तू खाली आलीस, त्यांना वर पाठवलंस आणि पुन्हा दोन पायऱ्या. टेम्पोवालाही हॉर्न वाजवायचा थांबला. आण्णांनी फळी ठेवली, आपल्या तळहातांकडे पाहिलं.

"खाली जड हाय," ते म्हणाले. "पण पोरी, मी बुद्धाच्या वर कसा उभा राहू?"

तू म्हणालीस, "आण्णा, वर उभं राहायला नाही सांगत. वर कोणीतरी घेणारं पाहिजे ना? तुम्ही त्याला वर घ्या."

आण्णांनी चपला काढल्या, हात जोडले आणि जिना चढून वर गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचे म्हातारे. मी ते अजून डोळ्यांसमोर आणू शकतो: आठ पांढऱ्या बाह्या, चार माणसं बाजू बदलतायत, आणि तू भिंतीला टेकून त्यांना वाट करून देतेस. माझी बायको, माझी! असं मला ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात तू माझ्याकडे वळलीस. "तुमच्या मते खाली हलकं असतं ना? मग या खाली."

गेलो. काय करतो?

मूर्ती चढली. वळणावर एकदा फळी कचकली, आण्णा वरून "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले आणि तू एकेक पायरी मोजून देत होतीस. वर पोचल्यावर सगळ्यांनी साधू साधू म्हटलं. माझे दोन्ही खांदे सोलले होते. घरी आल्यावर खोबरेल तेल लावता लावता तू विचारलंस, काय, कसं होतं खाली? मी म्हणालो, हलकं होतं. तू तेलाची वाटी बाजूला ठेवून इतकी हसलीस, की मीनल आतून बघायला आली.

आता आण्णा नाहीत. ते गेले त्या वर्षी तू फार बोलायची नाहीस. मग राज्य झालं, फटाके वाजले, तुझ्या वर्गातली उजव्या बाजूची काही मुलं परीक्षा देऊन गावी गेली आणि फोन करत राहिली. आणि मग तुझं दुखणं. त्याविषयी मी काही लिहिणार नाही, तुला तो विषय आवडायचा नाही.

पण एक सांगायचं आहे. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसलो होतो आणि तू डोळे मिटूनच विचारलंस, "खरं सांगा, त्या दिवशी खाली जड होतं ना?"

मी म्हणालो, "हलकं होतं."

तुला वाटलं असेल, हा माणूस मरेपर्यंत हट्ट सोडणार नाही. तसं नव्हतं गं. मला भीती वाटली. आपल्यात तेवढा एकच वाद शिल्लक होता. बाकीचे सगळे तू आजारात एकेक करून मिटवत आणले होतेस: गॅलरीतल्या कुंड्या, मीनलचं शिक्षण, माझी विडी. हा शेवटचाही मिटला तर तू उठून जाशील, असं काहीतरी वेडं माझ्या मनात आलं. तू ओठांतल्या ओठांत हसलीस. म्हणालीस, "बरं. मग परत एकदा उचलून बघू."

ते इतक्या लवकर व्हायचं नव्हतं.

तुला न्यायचं होतं त्या दिवशी सकाळी आपल्या जिन्यावर तुझे विद्यार्थी उभे होते. मी समजत होतो तू शिकवत होतीस म्हणजे एक बॅच, दोन बॅच. सुजाता, तळमजल्यापासून आपल्या दारापर्यंत पायरीपायरीवर माणसं होती. कोणी साइटवरून तसंच आलेलं, बुटांना सिमेंट लागलेलं. गुंटूरहून रात्रभर बसने आलेली दोन मुलं होती, ती इकडच्या मुलांच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. मीनल म्हणाली, बाबा, एवढे कोण आहेत? मी म्हणालो, तुझ्या आईचे आहेत. त्या घडीला दुःखाच्याही आधी मला अभिमान वाटला. हे चुकीचं असेल तर असो.

त्रिसरण-पंचशील झालं. तुला उचललं. मी आपोआप पायांकडे, खालच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. नवराच तो, डोक्याकडच्या मानाच्या जागेचं त्याला काय करायचं? तेवढ्यात कोणीतरी माझ्या कोपराला धरलं. शबाना होती. आता पुलांच्या कामावर इंजिनिअर आहे, चष्मा तोच. डोळे सुजलेले, पण आवाज अगदी वर्गातला.

"अंकल, आप ऊपर पकडो. नीचे वजन जास्ती आता. मॅडमिच सिखाये हमना."

आणि तिने मला बाजूला करून माझ्या जागी बांबू धरला. तिच्या शेजारी गुंटूरचा एक मुलगा, मागे आणखी दोघे. कोणी कोणाला विचारलं नाही. तुझी मुलं खाली आणि मी वर, आण्णांच्या जागेवर. तीस वर्षांच्या संसारात तुझं मी पहिल्यांदा न भांडता ऐकलं.

वर हलकं होतं. बांबूंचंही वजन असतं, दोरीचं, फुलांचं असतं. ते वजा केलं तर आजाराने तुझं माझ्या हातात फारच थोडं उरलं होतं. वळणावर तिरडी तिरकी झाली तेव्हा माझ्या हातातून तू आणखी कमी झालीस आणि खाली शबानाचे दंड ताठ झालेले मला दिसले. ती ओठ आवळून एकेक पायरी उतरत होती आणि मोजत होती, तेलुगूत.

तळमजल्यावर टेकवलं. मी तिच्याजवळ गेलो. तिच्या तळहातांवर बांबूचे लाल वळ उठले होते. विचारलं, जड होतं का बेटा?

"हौ, अंकल," ती म्हणाली. "बहोत."

मी तुझ्याकडे वळलो आणि सगळ्यांदेखत, मोठ्याने म्हणालो, "खाली जड असतं, सुजाता. तुझंच बरोबर."

नातेवाइकांनी एकमेकांकडे पाहिलं, कोणीतरी मला बसायला खुर्ची आणली. जिन्यावरून मात्र हसू आलं, रडता रडता फुटतं तसं, आणि ते पायरीपायरीने वर तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं. तुझ्या मुलांना कळलं होतं.